खवल्यांची साक्ष

हरिहरेश्वराच्या देवळामागच्या घळीतून पायऱ्या उतरून प्रदक्षिणेच्या वाटेला लागले, म्हणजे एका अंगास मोकळा समुद्र आणि दुसऱ्या अंगास लाटांनी शतकानुशतके कोरून मधाच्या पोळ्यासारखा सच्छिद्र करून टाकलेला कातळ, यांच्यामधल्या अरुंद पट्टीवरून चालावे लागते. ही वाट ओहोटीलाच मोकळी होते. भरतीच्या वेळी तिच्यावर फक्त समुद्राचा अंमल. हरिहर, हर्षिणाचल, पुष्पाद्रि आणि ब्रह्माद्रि या चार टेकड्यांनी वेढलेल्या आणि सावित्री नदीच्या मुखाशी वसलेल्या या क्षेत्राला दक्षिण काशी म्हणतात. श्रीवर्धनच्या भटांचे, म्हणजे पुढे पेशवे झालेल्या घराण्याचे, हे कुलदैवत. परंतु आज मला लिहावयाचे आहे ते देवाविषयी नव्हे, तर प्रदक्षिणा आटोपल्यावर ज्या घरगुती खानावळीच्या ओटीवर मी टेकलो होतो, तेथे पाहिलेल्या एका परातीविषयी आणि त्या परातीपासून निघून फार दूर गेलेल्या एका इतिहासाविषयी.

परातीत मोड आलेले कडवे वाल होते. घरातल्या वृद्ध काकू कोमट पाण्यात हात घालून एकेक दाणा अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरीत, किंचित दाबीत, आणि साल बोटांत राहून हिरवट-पिवळी डाळिंबी मोडासकट पुढे निसटून भांड्यात पडे. दाणा दुभंगू न देता सोलणे ही या कामातली कसोटी. मी सहज विचारले, "काकू, याला तुमच्याकडे बिरडं म्हणतात का?" काकूंनी हात न थांबवता सांगितले, "आम्ही डाळिंब्यांची उसळ म्हणतो. बिरडं म्हणतात ते प्रभू लोक. आणि पूर्वी ते शनवारतेली होते ना, ते म्हणायचे. आमच्या आजेसासूबाई सांगत, त्यांचा बिरड्याचा म्हणून एक सणच असायचा."

त्या एका वाक्याने मी चमकलो, कारण 'बिरड्याचा सण' हे शब्द मी तोवर केवळ जुन्या ग्रंथांत वाचले होते. ते कोणाच्या मुखातून, आणि तेही हरिहरेश्वरी एका ब्राह्मणाच्या ओटीवर, ऐकावयास मिळतील अशी मला कल्पना नव्हती.

ज्यांना या किनाऱ्याने शनिवार तेली म्हटले ते यहुदी लोक स्वतःला बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलची लेकरे, म्हणवीत. घाण्यावर तीळ, खोबरे गाळून तेल विकावे, शेती करावी, आणि शनिवारी मात्र घाणा बंद ठेवावा, एवढ्यावरून शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिले. म्हणजे ते जे करीत त्यावरून अर्धे आणि जे करीत नसत त्यावरून अर्धे. अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि त्यांच्यापासून ही सारी वस्ती वाढली, अशी त्यांची परंपरा सांगते. पुढे ती गावोगाव पसरली आणि गावाच्या नावाला 'कर' जोडून त्यांची आडनावे झाली. दिवेआगरचे दिवेकर, पेणचे पेणकर, चौलचे चेऊलकर, रोह्याचे रोहेकर, राजपुरीचे राजपूरकर, झिराडचे झिराडकर. मराठी चित्रपटरसिकांना आणि हिंदी पडद्याच्या प्रेक्षकांना ठाऊक असलेले 'बूट पॉलिश'मधील डेव्हिड हे यांतलेच चेऊलकर. मुंबईच्या पहिल्या सिनेगॉगाची, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिराची, उभारणी १७९६ साली करणारे आणि टिपूच्या कैदेतून सुटून आलेले सॅम्युएल इझिकेल हे दिवेकर. आणि हरिहरेश्वराहून निघालेला प्रवासी श्रीवर्धन ओलांडून उत्तरेस गेला की दिवेआगरला पोचतो.

येथे थोडे थांबून या किनाऱ्याचा एक स्वभाव सांगितला पाहिजे. या मुलखातल्या बहुतेक लोकांच्या मूळकथा समुद्रातून निघतात. जंजिऱ्याचे सिद्दी आफ्रिकेतून आले आणि त्यांचे राज्य, ज्याला हबसाण म्हणत, ते १९४८ पर्यंत टिकले. श्रीवर्धन आणि म्हसळा हे त्याचेच महाल. चित्पावनांची कथा तर बेने इस्राएलांच्या कथेशी नवल वाटावे इतकी जुळते: समुद्राने किनाऱ्यावर टाकलेली चौदा प्रेते परशुरामाने शुद्ध करून उठविली, असे ती सांगते, आणि सात पुरुष व सात स्त्रिया मिळून चौदाच होतात. श्रीवर्धनच्या देशमुखीचे वतनदार असलेले भट सिद्दीच्या जाचामुळे देशावर गेले आणि त्यांच्यापैकी बाळाजी विश्वनाथ यांना पेशवाईची वस्त्रे मिळाली, हा इतिहास शाळकरी मुलासही ठाऊक असतो; परंतु सत्ता हाती आल्यावरही देशावरच्या कित्येक ब्राह्मणांनी या कोकणस्थांना आपल्या पंक्तीला बसवून घेण्यास दीर्घकाळ नकार दिला, ही गोष्ट तितक्या मोकळेपणाने सांगितली जात नाही. ज्यांच्या कुलदैवताच्या देवळाचा जीर्णोद्धार १७२३ च्या सुमारास पहिल्या बाजीरावांनी केला असे सांगतात, त्यांच्याही कुळाला 'तुमचे पान आमच्या पानाशेजारी मांडता येणार नाही' हे ऐकावे लागले होते. मनुष्य कोण, याचा निवाडा तो काय खातो आणि कोणाशेजारी बसून खातो यावरून करण्याची आपली रीत इतकी जुनी आणि इतकी सर्वव्यापी आहे.

बेने इस्राएलांच्या बाबतीत मात्र हा निवाडा प्रथम त्यांच्या बाजूने झाला. त्यांची परंपरा अशी की, डेव्हिड राहाबी नावाचा एक परदेशी यहुदी कोकणात आला, शनिवार पाळणारे आणि मुलांची सुंता करणारे हे तेली पाहून त्याच्या मनात शंका उठली, आणि तिचा निरास करण्यासाठी त्याने निरनिराळे मासे आणून त्यांच्या बायकांपुढे रांधावयास ठेवले. बायकांनी त्यांतले पर आणि खवले असलेले मासे तेवढे उचलले आणि बाकीचे, "हे आम्ही खात नाही," म्हणून बाजूस सारले. हा यहुदी धर्माचाच नियम, म्हणून राहाबीने तेथेच ओळखले की हे आपलेच लोक. कोणी ही घटना हजार वर्षांपूर्वीची मानतात, कोणी तिचा संबंध अठराव्या शतकात कोचीनला राहणाऱ्या त्याच नावाच्या घराण्याशी जोडतात. परंतु काळ कोणताही असो, ज्या समाजाने तिला आपल्या जन्मकथेत स्थान दिले त्याला काय सांगावयाचे होते, हे स्पष्ट आहे. हिब्रू भाषा विसरली होती, ग्रंथ समुद्रात बुडाले होते, प्रार्थनेपैकी 'शमा इस्राएल' हे एकच वचन ओठांवर राहिले होते, आणि जन्म, लग्न, मृत्यू अशा सर्व प्रसंगी तेच एक म्हटले जाई. उरले होते ते चुलीपाशी. पापलेट घ्यावे, रावस घ्यावा, पण मुशी, शिंगाळा, पाकट, कोळंबी आणि चिंबोरी घेऊ नयेत, हे आईने लेकीला आणि सासूने सुनेला का ते न सांगता शिकविले, आणि त्या न सांगितलेल्या कारणाने एक अख्खा समाज वाचला. राहाबीने झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर अशी तीन घराणी निवडून त्यांना धर्मशिक्षण दिले आणि त्यांच्याकडे पुढे काजीपद चालले, असेही परंपरा सांगते. हा 'काजी' शब्दच पाहा, शेजारच्या मुसलमानांकडून घेतलेला आणि जसाच्या तसा आपला करून टाकलेला.

या समाजाच्या जुन्या सणांची नावे मला तर मराठीतल्या अत्यंत मौल्यवान शब्दसंग्रहांपैकी एक वाटतात. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली पुरा केलेला आणि १९३७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, तेल अवीव येथे छापला गेलेला इतिहासग्रंथ ही नावे देतो. यहुद्यांचे नववर्ष म्हणजे नव्याचा सण. प्रायश्चित्ताचा महादिवस म्हणजे दारफाळणी, कारण त्या दिवशी घराची दारे लावून लोक उपाशी आत बसत. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. पुरीमला ते होळीचा सण म्हणत, आणि एलूल महिन्यातल्या उपवासांना रमजान. भाताचे नवे पीक घरात आले की नव्या तांदळाची खीर नारळाच्या दुधात शिजवून, ऊद जाळून, प्रार्थना करून खावयाची, तो खिरीचा सण. जेरुसलेमचे मंदिर ज्या तिथीस पाडले गेले तिचा शोक पाळताना आधीचे काही दिवस मांसाहार सोडावयाचा आणि उपवासाचे पारणे वालाच्या बिरड्याने फेडावयाचे, तो बिरड्याचा सण.

आणि या सर्वांत विलक्षण नाव वल्हांडणाचे, म्हणजे मिसर देशातून झालेल्या सुटकेच्या सणाचे. त्या आठवड्यात घरात खमीर असता कामा नये असा यहुदी धर्माचा दंडक. कोकणातल्या घरात पाव कधीच नव्हता. खमिराची म्हणून जी एकच वस्तू होती ती मडक्यात साठवून ठेवलेले एक आंबट कालवण, ज्याच्या भांड्याला अनशी म्हणत. तेव्हा त्या दिवसांत त्या मडक्याचे तोंड ढाकून ठेवीत, आणि सणाचे नाव पडले अनशी ढाकायचा सण. त्या सुटकेची कथा विसरली गेली होती, मोशेचे नाव धूसर झाले होते, परंतु वर्षाच्या त्या एका आठवड्यात त्या एका मडक्यावर ढाकण ठेवायचे असते, एवढे एक घरंदाज ज्ञान टिकले. पंडितांना ही अवनती वाटली असेल; मला तर याहून कणखर स्मृतीचे उदाहरण सापडत नाही.

स्वयंपाकाचेही तसेच. मांसाबरोबर दूध अथवा दुधाचा कोणताही पदार्थ खाऊ नये, हा यहुदी नियम. कोकणात नारळ दारातच असल्याने या नियमाची अडचण कोणास कधी भासली नाही. मटणाच्या रश्श्यात नारळाचे दूध, जेवणानंतरच्या गोडातही नारळाचेच दूध, आणि नव्याच्या सणाला गव्हाचा चीक काढून त्याचा जो हलवा घोटतात त्यातही तेच. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतिदिनाच्या, आशीर्वादासाठी द्राक्षाचा मद्यरस मिळेना, तेव्हा काळ्या मनुका भिजवून, कुस्करून त्यांचे शरबत वापरले. नवस फेडण्यासाठी, लग्नाच्या आधी, संकट टळल्यावर मलिदा मांडावयाचा. भिजविलेल्या पोह्यांत ओले खोबरे, साखर, वेलदोडा आणि सुका मेवा मिसळून त्याची रास करतात, तिच्याभोवती पाच फळे, वर फूल, सुवासिक पाल्याची एक डहाळी, आणि मग एलिया हन्नबीचे, म्हणजे प्रेषित एलियाचे, स्तवन म्हणतात. मलिदा हा शब्द फारसी; 'कुसकरणे' या अर्थाच्या धातूपासून आलेला, आणि दर्ग्यातल्या मलिद्यामुळे कोकणी मुसलमानांच्या घरीही तितकाच परिचित. पोहे मराठी, शब्द फारसी, प्रेषित यहुदी. आणि अलिबागेजवळच्या खंडाळ्यात ज्या खडकावर एलियाच्या रथाची चाके आणि घोड्याची टाप उमटली अशी श्रद्धा आहे, तो खडक कोकणी. यांतले कोणते खरे आणि कोणते उसने, असे विचारणाऱ्याने या किनाऱ्याला ओळखलेच नाही.

ओळखले नाही असे लोक पुढे भेटलेच. बगदादहून व इराकच्या इतर भागांतून मुंबईस येऊन सधन झालेल्या यहुद्यांनी एकोणिसाव्या शतकात बेने इस्राएलांच्या शुद्धतेविषयी शंका घेतली. १८३६ मध्ये तर दफनभूमीतही मध्ये भिंत घालून जागा वेगळी द्यावी, असा अर्ज केला गेला. आणि येथे मला एक दुःखद गोष्ट नमूद केलीच पाहिजे, कारण ती टाळून लिहिलेला इतिहास हा अर्धा इतिहास. खुद्द बेने इस्राएलांतही गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता. ज्यांची आई त्या जमातीबाहेरची होती अशांच्या संततीला काळे म्हणत, आणि त्यांच्याशी लग्नव्यवहार तर नाहीच, पण त्यांच्या हाताने आपल्या जेवणाच्या भांड्यांना स्पर्शही होऊ देत नसत. शेजारच्या गावात जो विटाळ पाळला जात होता तोच या घरांतही शिरला होता. बाहेरच्यांनी आपल्याला पंक्तीबाहेर ठेवले म्हणून ज्याला राग येतो, त्याने आपल्या घरात कोणाचे पान वेगळे मांडले आहे ते पाहावे, हे मी येथे या एकाच जमातीला उद्देशून म्हणत नाही.

१८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या विधीचे एक पुस्तक शिळाप्रेसवर छापले गेले, हिब्रू मूळ आणि मराठी भाषांतर अशा रूपात. त्याच्या आरंभी एक चित्र आहे. साडी नेसलेल्या बायका विस्तव आणि पोळपाट यांच्या भोवती बसून बेखमीर भाकरी करीत आहेत. यहुदी जगातील या विधीची पुस्तके शेकडो निघाली असतील, परंतु वल्हांडणाची भाकरी कोणत्या हातांची असू शकते याचे हे चित्र त्यांत वेगळे उठून दिसते. तिथे बसलेल्या बाईला आपण यहुदी की मराठी, असा प्रश्न पडलेला दिसत नाही. तिच्यासमोर कणीक आहे आणि ती तिला लाटायची आहे.

हा प्रश्न विचारला गेला तो दुसऱ्या देशात. १९४८ साली इस्राएल राष्ट्र उभे राहिले, आणि पुढच्या काही वर्षांत कोकणातली, मुंबईतली, ठाण्यातली बेने इस्राएल कुटुंबे तिकडे जाऊ लागली. ज्या नावाने त्यांच्या पूर्वजांनी दोन हजार वर्षे स्वतःस संबोधले, त्या नावाच्या देशात आपण जात आहोत, अशी त्यांची भावना होती. पण तेथे कारभार युरोपातून आलेल्या यहुद्यांच्या हाती होता आणि पूर्वेकडचा माणूस, त्याचा रंग, त्याचा मसाला, त्याचे हाताने जेवणे हे सारे मागासलेपणाचे लक्षण मानण्याची दृष्टीही त्यांनी बरोबर आणली होती. बीरशेबा येथल्या भारतीय यहुद्यांची १९५१ मधील तक्रार अशी होती की, तुम्ही काळे, तुम्हाला काळाच पाव, पांढरा पाव गोऱ्यांसाठी, असे आम्हाला सांगितले गेले. ज्या समाजाची जन्मकथा खवल्यांच्या माशाने सुरू होते, त्याच्या मनाला हा पाव किती लागला असेल! काही कुटुंबांनी तेल अवीवला धरणे धरले, आम्हाला परत भारतात पाठवा अशी मागणी केली, आणि १९५२ मध्ये त्यांपैकी काहींना खरोखरच विमानाने परत आणून सोडण्यात आले.

त्याहून खोल घाव पुढे बसला. १९६२ च्या फेब्रुवारीत इस्राएलच्या धर्ममंडळाने विवाहनोंदणी करणाऱ्या धर्माधिकाऱ्यांना असा हुकूम काढला की, बेने इस्राएल वधूवरांच्या आईच्या, आजीच्या आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांच्या वंशाची चौकशी करावी. ज्यांच्या पूर्वजांची कागदपत्रे कोकणच्या पावसात कुजली, किंवा कधी लिहिलीच गेली नव्हती, त्यांनी दस्तऐवज कोठून आणावा? दोन वर्षांहून अधिक काळ हा समाज निषेध करीत राहिला. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला ज्यू एजन्सीच्या इमारतीपुढे त्यांनी ठाण मांडले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत असा ठराव केला आणि धर्ममंडळाला आपल्या हुकुमातून त्यांचे नाव वगळावे लागले. राहाबीने एका परडीभर माशांनी जे ठरविले, तेच ठरविण्यास एका सार्वभौम संसदेला एवढा खटाटोप करावा लागला.

मला महत्त्वाचे वाटते ते याच्यापुढचे. हक्क मिळावा म्हणून या लोकांनी आपली चूल बदलली नाही. अश्दोद, लोद, दिमोना, बीरशेबा येथल्या त्यांच्या घरांत मलिदा मांडला जातो. तेथून 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक निघाले. आणि भारतात राहिलेल्यांपैकी एस्थर डेव्हिड यांनी 'बुक ऑफ रेचल' ही कादंबरी लिहिताना प्रत्येक प्रकरणाची सुरुवात एका पाककृतीने केली. त्या कादंबरीची नायिका कोकणातल्या एका गावात, सारे सगेसोयरे इस्राएलला गेल्यावर, ओस पडलेले सिनेगॉग एकटी सांभाळणारी वृद्धा आहे. साहित्य अकादमीचा पुरस्कार २०१० साली या कादंबरीला मिळाला. पंक्तीचा अपमान झालेल्या समाजाने दिलेले उत्तर पाककृतींच्या रूपाने यावे, यात मला तरी काही अस्वाभाविक दिसत नाही.

आज हरिहरेश्वरात, श्रीवर्धनात, म्हसळ्यात घाणा फिरविणारा शनिवार तेली कोणी राहिलेला नाही. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळाने श्रीवर्धनी रोठा सुपारीच्या बागा आडव्या केल्या तेव्हा त्या बागांबरोबर कित्येक जुनी घरे आणि त्यांतल्या जुन्या गोष्टीही गेल्या. त्या काकूंना मी दुसऱ्या दिवशी निघताना विचारले की, आजेसासूबाईंनी अनशीबद्दल काही सांगितले होते का. त्यांनी थोडा विचार केला आणि मान हलविली. शब्द त्यांनी ऐकला नव्हता. मग त्यांनी सोललेल्या डाळिंब्या पानात बांधून माझ्या हाती दिल्या, आणि वर म्हणाल्या, "बिरडं करा. कांदा घातला तरी चालतं त्याला."

रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतल्या, मुंबई-ठाण्यातल्या आणि दूर दिमोना-अश्दोदमधल्याही ज्या वाचकांच्या घरी नव्वदी ओलांडलेले कोणी असेल, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे: त्यांच्यापाशी बसा, अनशीत नेमके काय घालीत, मडके केव्हा ढाकीत आणि केव्हा उघडीत, ते त्यांच्याच शब्दांत विचारा, आणि त्याच दिवशी लिहून ठेवा.